अ‍ॅप अपडेट आणि जुना फोन : काय खरं, काय खोटं

ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतः अ‍ॅपवर करण्याची पद्धत, १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झाली. २०२५च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाची नोंदणी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आणली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ८,११० रुपये होता. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा इथल्या कापूस उत्पादकाला अ‍ॅप अडलं तर थेट पैशाचा फटका बसतो. म्हणूनच अपडेटबद्दलचे गैरसमज महाग पडतात.

सर्वांत घट्ट रुजलेला समज असा : ‘गूगलचा नवा नियम आलाय, आता फोन बदलावा लागणार.’

हे खरं नाही. नियम अ‍ॅप बनवणाऱ्यासाठी आहे. प्रत्येक अ‍ॅपमध्ये दोन आकडे लिहिलेले असतात. अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइडचे नियम पाळणार, हे एक आकडा सांगतो. निदान कोणत्या अँड्रॉइडवर ते चालेल, हे दुसरा. प्ले स्टोअरची सक्ती पहिल्या आकड्याची आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून मोबाइलच्या नव्या अ‍ॅपला आणि जुन्याच्या प्रत्येक अपडेटला हा आकडा निदान अँड्रॉइड १५चा ठेवणं सक्तीचं झालं. तेच अ‍ॅप अँड्रॉइड ८च्या फोनवरही चालू शकतं, कारण दुसरा आकडा बनवणारा ठरवतो. सरकारी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी तो विनाकारण वाढवू नये, असं मला ठामपणे वाटतं. शेतकऱ्याचा जुना फोन बाद होतो तो तिथे.

ही सक्ती आली कशासाठी? कॅमेरा, लोकेशन यांची परवानगी वापराच्या वेळी विचारायची पद्धत २०१५ साली अँड्रॉइड ६पासून आली. त्याआधीच्या नियमांवर बेतलेलं अ‍ॅप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकदम घेई. चोरट्या अ‍ॅपनी ही पळवाट वापरली. म्हणून प्ले स्टोअरने २०१८पासून आकडा वाढवण्याची सक्ती सुरू केली.

‘प्ले स्टोअरवर दिसत नाही, म्हणजे योजना बंद झाली.’ असंही नाही. बनवणाऱ्याने वेळेत अपडेट दिलं नाही, तर नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्याने शोधणाऱ्याला ते अ‍ॅप दिसत नाही. आधीच टाकलेलं असेल त्याला मिळत राहतं. त्यामुळे बापाच्या जुन्या फोनवर अ‍ॅप आहे आणि मुलाच्या नव्या फोनवर सापडत नाही, असं होऊ शकतं. योजनेचा त्याच्याशी संबंध नाही.

‘अपडेट केलं की पिकाची नोंद पुसली जाते.’ अपलोड झालेली नोंद सरकारी सर्व्हरवर असते. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज नसल्याने फोनमध्येच अडकलेली नोंद अपडेटने सहसा जात नाही. अ‍ॅप काढून टाकलं तर मात्र जाते. आधी रेंजमध्ये येऊन अपलोड करा, मग अपडेट.

शेवटचा समज सर्वांत घातक : ‘ग्रुपवर आलेली एपीके फाइल टाकली की काम होतं.’ पीएम किसानच्या नावाने अशा बनावट फाइली पसरवून लोकांची बँक खाती रिकामी केली गेली आहेत. खऱ्या अपडेटवर मूळ बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. सही जुळली नाही तर अँड्रॉइड जुन्या अ‍ॅपवर ती फाइल बसूच देत नाही. ‘आधी जुनं अ‍ॅप काढा, मग ही फाइल टाका’ असं कुणी सांगितलं, तर फाइल उघडू नका. अपडेट फक्त प्ले स्टोअरवरून घ्या आणि तिथे अडलं तर तलाठ्याला किंवा गावच्या पीक पाहणी सहायकाला भेटा.