अड्यार, क्रोमियम आणि वनस्पतींचा उजेड

सिंकोनाच्या सालीतील क्विनीनचे द्रावण अदृश्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश देते, याचा उलगडा जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये केला. निळ्या प्रतिदीप्तीच्या नव्या पदार्थाची उजळता आजही बहुधा क्विनीन सल्फेटशीच ताडून पाहतात.

वनस्पतीतून मिळणाऱ्या अशाच उजेडाचा संबंध पुढे चामड्यातील क्रोमियम ओळखण्याशी जुळला. चेन्नईतील अड्यार येथे १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. दक्षिणेत तरवड-बाभळीच्या सालीने कातडी कमावण्याची परंपरा जुनी. क्रोमियमच्या क्षारांनी ती मागे सारली. कमावण्यासाठी वापरले जाणारे त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने सौम्य, पण ऑक्सिडीकरणाने बनणारे षट्संयुजी रूप कर्करोगकारक असते. युरोपीय संघाने चामड्यासाठी २०१५ पासून त्याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम ठेवली. तमिळनाडूतील अंबूर-वाणियंबाडीच्या टॅनऱ्यांसाठी ते अचूक ओळखणे हा थेट पोटाचा प्रश्न झाला.

ओळखीचे एक साधन अमेरिकेत अनपेक्षितपणे हाती आले. २००४ मध्ये दक्षिण कॅरोलिनात कार्बन नलिका शुद्ध करताना काजळीतून चमकणारे कण वेगळे झाले. २००६ मध्ये त्यांना ‘कार्बन डॉट’ हे नाव मिळाले. आकार सामान्यतः १० नॅनोमीटरच्या आत. २०१२ हे वर्ष निर्णायक ठरले: राउरकेलाच्या एनआयटीत संत्र्याच्या रसापासून, तर चीनमध्ये गवत आणि पपनसाच्या सालीपासून असे कण तयार झाले. कृती साधी आहे. वनस्पतीचा अंश पाण्यासह बंद पोलादी भांड्यात २०० अंशांच्या आसपास काही तास तापवायचा. शर्करेचे कार्बनीकरण होते आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन-नायट्रोजनचे गट उरतात. त्याच वर्षी अड्यारलगतच्या आयआयटी मद्रासने प्रथिनवेष्टित चांदीच्या पुंजक्यांनी टीएनटी हे स्फोटक ओळखले. तो मार्ग वनस्पतींचा नव्हे, पण चमकेतील बदलावरून पदार्थ ओळखण्याचे तत्त्व तेच.

त्यानंतर अशा डॉटनी पारा, तांबे, लोह आणि क्रोमियम शोधल्याचे शोधनिबंध झपाट्याने वाढले. षट्संयुजी क्रोमियमच्या बाबतीत कारण विशेष सुबक आहे. पिवळा क्रोमेट सुमारे ३७० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, आणि डॉटना उद्दीपित करणारा प्रकाशही बहुधा तोच. क्रोमेट जितका जास्त, तितका डॉटपर्यंत कमी प्रकाश पोहोचतो आणि चमक मंदावते. ॲस्कॉर्बिक आम्ल घालून क्रोमियम त्रिसंयुजी केले, की ती परतते.

अडचण निवडकतेची आहे. लोहाचे आयनही चमक विझवतात. शिवाय पानाची रासायनिक घडण ऋतूगणिक, जमिनीगणिक बदलते, म्हणून दोन घाण्यांचे डॉट तंतोतंत सारखे निघत नाहीत. त्यामुळे चामड्याच्या प्रमाणित चाचणीत डायफेनिलकार्बाझाइडचा जांभळा रंग आणि क्रोमॅटोग्राफी याच पद्धती कायम आहेत.