देवघराची भिंत आणि आश्विनातील ओल

आश्विन शुद्ध प्रतिपदा जवळ आली की अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे भाविकांची पावले वळू लागतात आणि जालना जिल्ह्यातील घराघरांत घटस्थापनेची लगबग सुरू होते. जाळी-जळमटे निघतात, तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने लखलखतात. आणि देव्हारा भिंतीपासून जरा पुढे ओढला की अनेक गृहिणींच्या दृष्टीस तो काळा-हिरवा डाग पडतो. चार महिन्यांच्या पावसाने भिंत ओलावलेली, कोपऱ्यात बुरशी धरलेली! सणाला आठ दिवस उरलेले असतात. मग घाईघाईने रंगारी बोलावला जातो. डागावर पुट्टी, पुट्टीवर चकचकीत रंग. आणि पुढच्या श्रावणात तोच डाग पुन्हा हजर.

घरातील वृद्ध मंडळी देवघरात तासन्‌तास पोथी वाचीत बसतात, लेकरे तेथेच खेळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढून सांगितले आहे की ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दमा व श्वसनाचे इतर विकार बळावतात. २०२१ साली ‘काळी बुरशी’ या नावाने ज्या रोगाने धास्ती बसविली तो निराळा. भिंतीवरील डाग म्हणजे तो रोग नव्हे. पण तेवढ्यावरून हा डाग निरुपद्रवी ठरत नाही.

ओल येते कोठून, हे आधी पाहावे. आपली बहुतेक जमीन काळी. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरील जोते हलते, भिंतीला तडे जातात आणि त्यांतून पाणी आत शिरते. शिवाय पाया पाणी शोषून वर चढवितो तो वेगळाच. भिंतीवर पांढरा लोणा फुटला असेल तर ओल खालून चढते आहे असे समजावे. संशय असल्यास हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील बाजूस पाणी धरले तर ओल भिंतीतली. खोलीकडील बाजूस धरले तर ती खोलीतल्या दमट हवेची. पहिल्या दोषाला पन्हाळ, तडे आणि जोते यांची दुरुस्ती हवी; दुसऱ्याला खिडकी उघडणे पुरते.

आता सामानाविषयी. जुन्या गावांत माळवदाची, पांढऱ्या मातीची घरे अजून उभी आहेत. अशा भिंतीला ‘पक्की’ करण्याच्या हौसेने सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढविणे, हा आमच्या मते सर्वांत मोठा घात होय. मातीची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडते. सिमेंट आणि प्लास्टिक तिचा श्वास कोंडतात. आत अडकलेले पाणी मग गिलावा फुगविते, पोपडे पाडते. अशा भिंतीला चुनाच योग्य. ताजा चुना इतका तीव्र क्षारधर्मी असतो की बुरशीला त्यावर जगता येत नाही, आणि त्यातून वाफही बाहेर पडते. हवेतील कार्बन डायऑक्साइडने चुन्याची ही तीव्रता हळूहळू ओसरते, म्हणून तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. दसरा-दिवाळीला दरवर्षी सफेदी करण्याची आपल्या वाडवडिलांची रीत केवळ शोभेची नव्हती! चुन्यात डिंक घालीत तेव्हा सोबत थोडे मोरचूदही घालीत. डिंक हे बुरशीचे खाद्य, मोरचूद तिचे विष. मोरचूद माणसालाही विषारी आहे, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गिलाव्याच्या शहाणपणाचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. जवळच्याच वेरूळ लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यामुळे तेथे किडीचा उपद्रव झाला नाही; अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती, तेथील चित्रे किडीने पोखरली. म्हणून कोणी घरी भांग कालवावी असे नव्हे. गिलाव्यात काय मिसळावे याचा विचार त्या कारागिरांनी केला होता, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

सिमेंट-विटांच्या नव्या घराची गोष्ट वेगळी. तेथे देवघराच्या पाठीस न्हाणीघर आले की ओल ठरलेलीच. आधी तिकडचे नळ आणि फरशीचे सांधे दुरुस्त करावेत, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच बुरशीरोधक रंगाचा विचार करावा. ओल्या भिंतीवर पीओपी अथवा कागदी पापुद्र्याच्या जिप्समच्या फळ्या मुळीच नकोत. तो कागद बुरशीचे भोजनच. देव्हाऱ्यासाठी भुश्याच्या दाबीव फळ्या घेऊ नयेत. प्लायवर ‘एमआर’ असा शिक्का असला तरी तो थोडा दमटपणा सोसतो, पाणी नव्हे; जेथे पाणी लागणार तेथे आय.एस. ७१० चे प्लाय किंवा सरळ सागवान घ्यावे. खालच्या बैठकीला शहाबादी अथवा कोटा फरशी उत्तम. देव्हारा भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा, म्हणजे मागे वारा खेळतो.

घटाचेही तसेच. नऊ दिवस काळ्या मातीला पाणी घालावयाचे, शेजारी अखंड नंदादीप. म्हणजे पाणी आणि तेलकट काजळी दोन्ही भिंतीच्या अंगाशी. पत्रावळीखाली काठाची परात ठेवावी आणि घट भिंतीला टेकवू नये.

यंदाचा सण तोंडावर असेल तर मोठे काम काढूच नये. तोंडाला फडके बांधून, खिडक्या उघडून, डाग साबणाच्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावा. कोरड्या झाडूने झाडल्यास बुरशीची धूळ घरभर उडते. भिंत जुन्या पद्धतीची असेल तर वर चुन्याचा हात द्यावा. गिलावा, फरशी, रंग ही कामे चैत्र-वैशाखासाठी राखावीत. मराठवाड्याचे ते रणरणते ऊन भिंत जशी वाळविते तशी दुसऱ्या कशानेही वाळत नाही.