छातीखालचा पट्टा काचतो तेव्हा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचं ८०० मीटर धावून भागतं. तेवढ्यात ब्रा काचली तरी फारसं कळत नाही. तीच मुलगी पुढे २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनकडे वळली, की अंघोळीचं पाणी अंगावर पडताच छातीखाली आग होते. पट्ट्याच्या जागी लालभडक रेघ उमटलेली असते.

दोष घामाचा आणि घर्षणाचा. ओलसर त्वचेवर कापड जास्त ओढ घेतं. नरडाण्यासारख्या गावातल्या कोरड्या उन्हाळ्यात घाम झटपट सुकतो, पण मीठ मागे ठेवून. मग त्याचे बारीक कण पट्ट्याखाली पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. सुती ब्रा इथे नकोच. ती घाम धरून ठेवते. पॉलिस्टर-नायलॉनची बरी.

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा सपोर्टर जोडून धावण्यासाठी पहिली ‘जॉगब्रा’ शिवली. तिची शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली होती, त्वचेला घासू नये म्हणून! आजही दुकानात ब्रा उलटी करून शिवणीवरून बोट फिरवावं. लेबल टोचत असेल तर उसवून टाकावं.

सैल ब्रा सरकून घासते, घट्ट ब्रा रुतते. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. धावण्याआधी तिथे व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा आणि नवी ब्रा थेट स्पर्धेच्या दिवशी घालू नये. साल निघालीच, तर कोमट पाण्याने धुऊन जागा कोरडी ठेवावी. पू दिसला तर डॉक्टर गाठावा.