गोधडी आणि तिच्यामागची कामं

“एवढं एकच काम कर आणि मग जा खेळायला,” असं आई तुम्हांला कधी म्हणते का? म्हणतेच. आणि ते ‘एकच काम’ आटपेपर्यंत खेळायला आलेली मंडळी घरी परतलेली असतात, हेही तुमच्या अनुभवाचं असेल. माझं वय आता छत्तीस. मी शाळेत शिकवतो. तरी मे महिन्यातल्या एका सकाळी माझीही अगदी अशीच गत झाली.

आमचं दातिवरे गाव समुद्राला अगदी लागून. वैतरणा नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी आम्ही राहतो, पलीकडे अर्नाळा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतो, म्हणून मे महिन्यात घरोघरी बेगमी चालते. सुके बोंबील भरून ठेवायचे, डाळ-तांदळाला ऊन दाखवायचं, सरपण आत घ्यायचं. तर त्या सकाळी आई म्हणाली, “अरे, एवढी गोधडी उन्हात टाक.”

गोधडी दोरीवर टाकली मात्र, खिळा तुटून दोरीसकट गोधडी मातीत! आता ती धुवायला हवी. पण त्याआधी नवा खिळा ठोकायला हवा. खिळा ठोकला तर भिंतीचा हातभर गिलावा खाली आला.

हे काय गौडबंगाल? सांगतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि खाऱ्या ओलीत लोखंड फार लवकर गंजतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. म्हणजे भिंतीतला जुना खिळा गंजून आतल्या आत फुगत होता आणि गिलावा ढकलत होता. माझी हातोडी हे केवळ निमित्त!

गिलावा लावायला घमेलं हवं. ते मोरीमागे पडलेलं होतं आणि त्यात साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. डासांच्या! डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, बरं का! त्याची अंडी पाण्याच्या वर भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून घमेलं घासलं. मग वाटलं, पिंपही घासावं. मग बादल्या. आई ओट्यावर बसून गालातल्या गालात हसत होती.

गिलावा लावताना हाताला ओल लागली. मे महिन्यात ओल? शेजाऱ्यांची शिडी आणून वर चढलो. एक कौल सरकलेलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून तिथून पाणी भिंतीत मुरत असणार. आणि त्याच भिंतीवरून विजेची वायर बोर्डाकडे जाते. वायरचं वेष्टण तडकून आतली तार उघडी पडली होती. मी मुकाट्याने खाली उतरलो, मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं. वायरमन वायर पाहून म्हणाला, “गुरुजी, पाऊस लागला असता तर भिंतीत करंट उतरला असता.” त्या भिंतीला टेकून माझा धाकटा रोज अभ्यासाला बसतो. (ओल्या भिंतीला किंवा उघड्या वायरला तुम्ही हात लावू नका. मोठ्या माणसांना हाक मारा.)

गोधडी वाळली ती दुसऱ्या दिवशी.

कामाला काम जोडलं जाण्याची ही कथा जुनी आहे. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात दनी दिदरो नावाचे विद्वान होते. मोठा ज्ञानकोश रचणारे तेच. त्यांना नवा झकपक झगा मिळाला. तो घातल्यावर जुनी खुर्ची कळकट वाटू लागली, मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. एकेक करत सारं बदललं आणि खिसा रिकामा झाला. त्यांनी या फजितीवर एक लेखच लिहिला. पण दिदरोंची साखळी हौसेची होती. आपल्या संत गाडगेबाबांची साखळी वेगळी. गावात शिरले की बाबा हातातल्या खराट्याने रस्ता झाडू लागत. संध्याकाळी कीर्तन करून लोकांच्या मनातला केर काढत. पुढे पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. सुरुवात कशाची? एका खराट्याची!

आता माझीच एक चूक सांगतो. जुलैत शाळा रुळली होती. वर्गातली एक मुलगी रोज उशिरा यायची. एकदा मी सर्वांसमोर तिला रागावलो. “काय करतेस गं सकाळभर?” ती म्हणाली, “फक्त पाणी भरते, गुरुजी.” मी म्हटलं, “पाणी भरायला एवढा वेळ?” गोधडीला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, तरी विसरलो!

त्या आठवड्यात मी मुलांना एक खेळ दिला. घरातलं एक काम घ्या आणि त्याच्या पोटात किती कामं दडली आहेत ती लिहा. कुणी ‘चहा’ घेतला, कुणी ‘अंथरूण काढणं’. मुलांच्या याद्या पाच-सहावर संपल्या. त्या मुलीने ‘पाणी’ लिहिलं होतं. हंडे घासणं, रांगेत नंबर लावणं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन जाणं, गाळणं, सांडलेलं पुसणं, गुरांची बादली, आजीचं आंघोळीचं पाणी तापवणं, चुलीला लाकडं… पान उलटून मागेही लिहिलं होतं. मी मोजली. एकोणीस. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच मी तिला म्हटलं, “चुकलं माझं.” ती लाजून खाली बघत राहिली.

देशात 2019 साली सरकारने लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला होता. पाहणीत सहा वर्षांवरील माणसं होती. घरकाम करणाऱ्या बायका-मुली तेव्हा दिवसाला सरासरी 299 मिनिटं घरकामात घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारांत एकच! हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा मुलगे हसले आणि मुली हसल्या नाहीत.

पालकसभेत मी ती यादी वाचून दाखवली, नाव न सांगता. कुणीच काही बोललं नाही. पण पुढच्या सोमवारी ती मुलगी प्रार्थनेच्या आधी आली. विचारलं तर म्हणाली, “आता मोठा दादा हंडे आणतो. पण गुरुजी, तो सांडतो फार, पुसावं मलाच लागतं.”

दादाला पुसायला शिकवायचं काम अजून बाकी आहे.