हरवलेल्या चित्रांचा पत्ता

देगलूर हें नांदेड जिल्ह्यांतील, तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेलगतचें गांव. त्याचें नांव रोमन लिपींत कोणी दोन ‘ओ’ घालून लिहितात, तर कोणी एका ‘यू’वर भागवितात. पोस्टमन दोन्ही पत्रें बिनचूक पोंचवितो. संकेतस्थळें ज्या यंत्रावर ठेवलेलीं असतात, तो सर्व्हर मात्र अक्षर न् अक्षर ताडून पाहतो.

माझ्या तेथील मेहुण्यांनीं तालुक्यांतीलच होट्टल येथल्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराचीं ४० छायाचित्रें घेऊन एक लहानसें संकेतस्थळ तयार केलें. घरच्या संगणकावर सगळें उत्तम दिसलें. परगांवच्या आप्तांना पत्ता कळविला मात्र, आणि फोनवर फोन येऊं लागले: मजकूर दिसतो, चित्रांच्या जागीं रिकामे चौकोन! त्यांनीं तीन वेळां चित्रें पुन्हां चढविलीं. शेवटीं चित्रेंच बिघडलीं असें समजून मूळ प्रती पुसून टाकण्याच्या बेतांत असतां त्यांनीं मला विचारलें, हें नशीब.

चित्रें शाबूत होतीं. वाट चुकली होती. पानांत चित्र नसतेंच, असतो तो केवळ त्याचा पत्ता. मेहुण्यांच्या पानांतील पत्ते घरच्या संगणकाच्या ‘सी’ ड्राइव्हपासून सुरू होत होते. ‘आमच्या माजघरांतील फडताळांत पाहा’ असें कळवावें, आणि पाहुण्यानें तें फडताळ स्वतःच्याच घरांत शोधावें, तसा हा प्रकार! पत्ता त्या पानापासून मोजावा: याच पानाशेजारच्या अमुक फोल्डरांत अमुक चित्र.

एवढ्यानें बरींच चित्रें उमटलीं. कांहीं अडून बसलीं. कॅमेऱ्यानें नांवें मोठ्या रोमन अक्षरांत दिलीं होतीं, पानांत तीं लहान अक्षरांत होतीं. विंडोज हा भेद मनावर घेत नाहीं. बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, तें दोन्ही नांवें वेगळीं मानतें. तिरक्या रेघेचेंहि तसेंच. युनिक्सची रेघ उजवीकडे झुकते, विंडोजची डावीकडे. १९८३ सालीं एम्‌एस-डॉसमध्यें फोल्डर आले, तेव्हां उजवीकडची रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठीं आधींच गुंतलेली होती, म्हणून उलटी घेतली गेली. संकेतस्थळाच्या पत्त्यांत मात्र उजवीकडे झुकणारीच चालते.

देवनागरी नांवें चालतात, पण ‘देगलूर’ एवढाच शब्द पत्त्यांत उतरतांना ५४ चिन्हांचा होतो! मला हें खटकतें. तरीहि फाइलींना लहान रोमन अक्षरांचीं नांवें द्यावींत, मोकळ्या जागेऐवजीं जोडरेघ घालावी, हेंच बिनघोर. चित्राखालचा मजकूर खुशाल मराठींत असावा.

चित्र न दिसल्यास त्याचाच पत्ता स्वतंत्रपणें उघडून पाहावा. ‘४०४’ आलें, तर त्या पत्त्यावर कांहीं नाहीं. ‘४०३’ आलें, तर सर्व्हर आंत जाऊं देत नाहीं. आमच्याकडे शेवटच्या फोल्डराला ‘४०४’च येत होतें. बारकाईनें पाहिलें, तर फोल्डरावर गांवाचें नांव दोन ‘ओ’ घालून, पानांत एका ‘यू’नें! मेहुण्यांनीं तें बदललें आणि भिंतीवरील शिल्पें एकेक करून पडद्यावर आलीं.