पेटी सहाशेची, नफा किती?

मोर्शी : संत्रा उत्पादकांना अडत नवी नाही. जुलै २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त करताना राज्य सरकारने अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. ऑनलाइन बाजारपेठेत मात्र ती 'कमिशन' या नावाने पुन्हा विक्रेत्याच्याच माथी येते. आणि एकटी येत नाही.

समजा, पाच किलो संत्र्यांची पेटी ६०० रुपयांना विकली. दर संकेतस्थळागणिक बदलतात. तरी कमिशन १० टक्के म्हणजे ६० रुपये, ठरावीक शुल्क २० आणि वाहतूक १५० धरल्यास २३० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१ रुपये ४० पैसे. ताजी संत्री करमुक्त असल्याने केवळ तीच विकणाऱ्याला हा कर वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. हाती येतात ३२८ रुपये ६० पैसे. त्यातून फळांचे २०० आणि प्रतवारी, खोक्याचे ६० वजा जाता नफा ६८ रुपये ६० पैसे.

टीडीएस हा मात्र खर्च नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का असून विवरणपत्र भरताना वळता होतो.

परताव्याचा फटका मोठा. एक पेटी वाटेत नासली आणि ग्राहकाला पैसे परत द्यावे लागले, तर कमिशन व ठरावीक शुल्क माफ होऊनही मालाचे २६० आणि वाहतुकीचे करासह १७७, असे ४३७ रुपये बुडतात. सहाहून अधिक पेट्यांचा नफा त्यात जातो.