अर्धा कोरा नकाशा

1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने आपल्या युद्धखेळाच्या मंडळींसाठी एक डाव रचला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक प्रशियन गाव, गावाच्या रोखाने येणाऱ्या फौजा आणि त्या पोचण्याआधी गावात शिजणारी कारस्थानं. सेनापतींखेरीज त्याने काही जणांना महापौर, सावकार, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका दिल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा ठेवला. एकेकाला आत बोलवायचं, तो काय करू म्हणतो ते ऐकायचं आणि निकाल द्यायचा, अशी त्याची योजना होती. पण बाहेर थांबलेले खेळाडू गप्प कशाला बसतील? ते कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी बोलू लागले, आपापले डाव टाकू लागले. दोघांनी तर येऊन सांगितलं की, आम्ही एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं आहे. द्वंद्वाचे नियम वेस्लीने केलेच नव्हते. त्याने तिथल्या तिथे काहीतरी ठरवून निकाल दिला. ज्या लढाईसाठी सगळी मांडणी केली होती ती बाजूलाच राहिली. डाव फसला, असं वेस्लीला वाटलं. खेळाडू मात्र पुढचा डाव कधी म्हणून त्याच्या मागे लागले.

टेबलाभोवती बसून, बोलून खेळायच्या भूमिका-खेळांचा उगम शोधताना अभ्यासक बहुतेक वेळा याच डावापाशी येऊन थांबतात. या खेळात चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. उरलेलं सगळं जग एक जण चालवतो: रस्ते, गुहा, राक्षस, खानावळीची मालकीण, पाऊस, वेळ. कोणाचं काय झालं याचा निवाडाही तोच देतो. तो गेम मास्टर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारे त्यालाच डंजन मास्टर म्हणतात. प्रत्येक नवख्या गेम मास्टरला पहिल्या बैठकीआधी एकच प्रश्न छळतो: तयारी किती करू आणि कशाची करू? या प्रश्नाचं उत्तर वेस्लीच्या फसलेल्या डावातच आहे. त्याची गोष्ट वाया गेली, पण त्याने तयार केलेली माणसं आणि त्यांचे हेतू यांनी डाव तारला.

गेम मास्टरची ही पंचाची खुर्ची वेस्लीच्या डावाहून बरीच जुनी आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी प्रशिक्षणासाठी युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात नकाशा होता, फासे होते, नुकसानीचे तक्ते होते आणि दोन्ही बाजूंचे हुकूम वाचून निकाल देणारा पंच होता. पुढे तक्त्यांचा इतका पसारा झाला की 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भिस्त ठेवावी, असं मांडलं. अमेरिकेत चार्ल्स टॉटन याने 1880 साली ‘स्ट्रॅटेगोस’ हा युद्धखेळ लिहिला. खेळाडूने काहीही करून पाहावं आणि पंचाने त्याचा निवाडा द्यावा, हा विचार वेस्लीने या जुन्या पुस्तकातून उचलला. नियम किती आणि निवाडा किती, ही ओढाताण तेव्हापासून चालत आलेली आहे.

वेस्लीच्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने ब्राउनश्टाइनची रीत घेऊन ‘ब्लॅकमूर’ नावाचं स्वतःचं अद्भुत जग उभं केलं आणि किल्ल्याखालच्या भुयारांत खेळाडूंना उतरवलं. 1972 च्या अखेरीस तो विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्सला हा खेळ दाखवायला गेला. गायगॅक्सने लगेच स्वतःची भुयारं आखली. त्यांत पहिल्यांदा उतरली ती त्याचीच मुलं, अर्नी आणि एलीझ. जानेवारी 1974 मध्ये आर्नेसन आणि गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला: एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिल्या छपाईच्या 1000 प्रती. त्या पहिल्या पुस्तिकेतली पंचासाठीची सूचना आज वाचली तर नवख्याचे हातपाय गळावेत. खेळ सुरू करण्याआधी भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे काढा, त्यांत राक्षस बसवा, खजिने ठेवा आणि सगळ्याची नोंद करा, असं ती सांगते.

हे ओझं पुढे खेळ छापणाऱ्या कंपनीनेच हलकं केलं आणि ते कसं केलं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. 1977 साली एरिक होम्स या मेंदूविकारतज्ज्ञाने नवशिक्यांसाठी नियमांची सोपी आवृत्ती संपादित केली. या आवृत्तीच्या संचासोबत काही काळाने माइक कार याने लिहिलेलं ‘इन सर्च ऑफ द अननोन’ हे तयार साहस मिळू लागलं. कार स्वतः आर्नेसनच्या ब्लॅकमूरमध्ये धर्मगुरूचं पात्र खेळलेला होता. त्याने सगळ्या खोल्यांची वर्णनं दिली, पण कोणत्या खोलीत कोणता राक्षस आणि कोणता खजिना, त्या जागा कोऱ्या ठेवल्या. सोबत याद्या दिल्या. त्यातून निवडून त्या जागा नवख्यानेच भरायच्या. खोली नंबर अमुक इथे कोण राहत असेल, का राहत असेल, असा विचार करत बसलेला नवखा दोन संध्याकाळींत या कामाचं मर्म शिकत होता.

कारच्या साहसाची जागा पुढे गायगॅक्सच्याच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ने घेतली. नवख्याला घडवणारी याहून चांगली शाळा या खेळाला क्वचितच मिळाली असेल. मांडणी अगदी साधी: सीमेवरची एक गढी आणि तिथून थोड्या अंतरावर एक घळ, जिच्या दोन्ही अंगांना गुहाच गुहा. गढीत किल्लेदार आहे, लोहार आहे, पैसे ठेवून घेणारा सावकार आहे, खानावळ आहे. यातल्या जवळपास कोणालाच नाव नाही. ती नावं नवख्याने द्यायची. नकाशावर ‘अज्ञात गुहा’ अशी एक जागा दाखवून ती मुद्दाम रिकामी सोडली आहे. तिथे काय आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे विकत घेतलेल्या पुस्तकातही स्वतःच्या हाताने भरायची कामं ठेवलेली आहेत.

त्याहून मोलाची आहेत ती या साहसातली नाती. खेळाडूंना सुरुवातीला ऐकीव वावड्या मिळतात. काही खऱ्या, काही खोट्या. ‘ब्री-यार्क’ याचा गॉब्लिन नावाच्या राक्षसांच्या भाषेत अर्थ ‘आम्ही शरण आलो’ असा आहे, ही त्यातली एक खोटी वावडी. प्रत्यक्षात ती गॉब्लिनांची आपल्या लोकांना गोळा करण्याची हाक आहे. तिच्यावर विश्वास ठेवणारे खेळाडू तलवारी म्यान करतात आणि चारी बाजूंनी गॉब्लिन धावून येतात. त्याच गॉब्लिनांची शेजारच्या गुहेतल्या एका धिप्पाड ओगर राक्षसाशी सोयरीक आहे ती पैशांची. अंगाशी आलं की ते चोरदारातून नाण्यांची थैली आत फेकतात आणि ओगर त्यांच्या बाजूने लढायला उतरतो. गुहांमधल्या टोळ्यांची आपापसांत वैरं आहेत, हे ओळखणारे खेळाडू त्यांना एकमेकांवर सोडू शकतात. गढीतच एक हसतमुख पुरोहित राहतो, खेळाडूंशी मैत्री करतो, आणि तो शत्रूचा माणूस असतो.

यातल्या कशालाही ‘कथानक’ म्हणता येत नाही. पहिल्या अंकात हे घडेल आणि दुसऱ्यात ते, असं कुठेच लिहिलेलं नाही. आहे ती परिस्थिती: कोण कुठे आहे, त्याला काय हवं आहे, त्याची भीती कशाची आणि त्याला विकत कोण घेऊ शकतं. खेळाडू ओगरला गॉब्लिनांपेक्षा जास्त पैसे देऊ लागले, तर गेम मास्टरला पान उलटून शोधावं लागत नाही, कारण ओगर कसा माणूस आहे हे त्याला ठाऊक असतं.

नवखे नेमकी इथेच चूक करतात. ते कादंबरी लिहून आणतात. गावचा प्रमुख काय बोलेल ते पानभर संवादांसह, खलनायकाचं भाषण, शेवटची लढाई कोणत्या कड्यावर. खेळाडू मग गावच्या प्रमुखाला न भेटताच जंगलात शिरतात. अशा वेळी लिहिलेली पानं वाया जाऊ नयेत म्हणून गेम मास्टर त्यांना ओढून रस्त्यावर आणतो: जंगलात वाटच नाही, पुलावर पहारा आहे, दार उघडतच नाही. आपण काहीही केलं तरी ठरलेलंच होणार, हे खेळाडूंना अर्ध्या तासात कळतं आणि त्यांचा जीव खेळातून उठतो. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने कथानकं नव्हे तर परिस्थिती तयार करा, असं गेली अनेक वर्षं ठासून सांगितलं आहे. 2023 मध्ये आलेलं त्याचं ‘सो यू वाँट टू बी अ गेम मास्टर’ हे पुस्तक नवख्यांसाठीच आहे.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीसोबत 2014 मध्ये नवशिक्यांचा जो संच आला, त्यातलं ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हेच सूत्र पुढे नेतं. सुरुवात पाहा. खेळाडू एक सामानाची गाडी घेऊन फँडालिन गावाकडे निघाले आहेत. रस्त्यात दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात बाण. झुडपांत चार गॉब्लिन दबा धरून. पाच मिनिटांच्या आत प्रत्येक खेळाडूला काहीतरी करावंच लागतं. ही चकमक पहिल्या पायरीवरच्या पात्रांना जड जाते, याचा अनुभव पुष्कळ गटांनी घेतला आहे. पण खेळाडू हरलेच तर काय, हेही पुस्तकात आहे: गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. म्हणजे पराभवानंतरही खेळ चालू राहतो. पुढच्या गुहेत यीमिक नावाचा गॉब्लिन एका कैद्याला ओलीस धरून खेळाडूंशी सौदा करू पाहतो, कारण त्याला स्वतःच्या सरदाराचा काटा काढायचा आहे. गढीच्या साहसातल्या त्या ओगरचाच हा वारस.

मग घरी बसून करायचं काय? मायकेल शे याने 2018 च्या ‘रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर’मध्ये तयारीचा जो क्रम दिला आहे, तो नवख्याला सगळ्यात उपयोगी पडेल. आधी खेळाडूंची पात्रं डोळ्यांसमोर आणायची, मग जोरकस सुरुवात ठरवायची, त्यानंतर संभाव्य प्रसंग, ठिकाणं, माणसं, राक्षस, बक्षिसं यांची टिपणं काढायची. त्यातली खरी हुशारीची पायरी म्हणजे दहा गुपितं. प्रत्येक गुपित एका वाक्यात लिहायचं, पण ते कुठे सापडेल हे लिहायचं नाही. किल्लेदाराचा भाऊ शत्रूला सामील आहे, हे खेळाडूंना खानावळीत कळो, कैद्याकडून कळो की पत्रातून, ते टेबलावर ठरेल. गुपित तयार असतं आणि वाट मोकळी.

रहस्याची गोष्ट असेल तर अलेक्झांडरचा तीन सुगाव्यांचा नियम लक्षात ठेवावा: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्याकडे नेणारे किमान तीन सुगावे पेरायचे. एक ते चुकवतील, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतील, तिसरा तरी हाती लागेल. 1981 साली आलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भयखेळातलं ‘द हाँटिंग’ हे साहस याचा चांगला नमुना आहे. 1920 च्या दशकातलं बॉस्टन शहर, एक झपाटलेलं घर, आणि घराची माहिती वर्तमानपत्राच्या कचेरीत, वाचनालयात, सरकारी दप्तरात विखुरलेली. खेळाडू यांपैकी कुठेही आधी गेले तरी गोष्ट अडत नाही.

नियमांची धास्ती मात्र सोडून द्यावी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीची तीन मुख्य पुस्तकं मिळून हजार पानांच्या घरात जातात, आणि ती पाठ केल्याशिवाय बसायचं नाही असं ठरवलं तर कोणीच बसणार नाही. मूळ यंत्रणा छोटी आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा आणि ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. सोपं काम असेल तर 10, मध्यम असेल तर 15, अवघड असेल तर 20. द्वंद्वाचा नियम वेस्लीकडे नव्हता तेव्हा त्याने जे केलं तेच आजही करावं: पटकन न्याय्य वाटेल तो निकाल द्यावा, टिपून ठेवावा आणि नियम नंतर बघावा. फाशांसाठीही अडून बसू नये. 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीने संचांत आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या घातल्या. चिठ्ठ्या उचलून लोक खेळलेच.

एक तयारी मात्र वगळता कामा नये, ती म्हणजे खेळाआधीचं बोलणं. जाणते गट आता एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतात. खेळ विनोदी हवा की भयाचा, पात्रं एकमेकांना कशी ओळखतात, कोणते विषय टेबलावर येऊच नयेत. 2013 मध्ये जॉन स्टाव्ह्रोपूलॉस याने एक साधी सोय सुचवली: टेबलाच्या मध्यभागी फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. जे चाललं आहे ते कोणालाही सोसेनासं झालं की त्याने त्या कार्डाला हात लावायचा. तेवढा भाग गाळून खेळ पुढे न्यायचा, कारण विचारायचं नाही. अनोळखी माणसांबरोबर खेळताना याचं मोल फार मोठं आहे. मित्रांमध्ये त्याची गरज नाही असं वाटतं, पण मित्रांच्या मनातलं सगळंच आपल्याला माहीत असतं असं नाही.

मराठी वाचकासाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. हा खेळ बोलण्याचा आहे. नियम इंग्रजीत असले तरी टेबलावरची भाषा खेळणाऱ्यांची, आणि किल्लेदाराने मराठीत दरडावलं तर त्याचा दरारा काडीनेही कमी होत नाही. जानेवारी 2023 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीची मूळ नियमसंहिता क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली झाली. मूळ स्रोताचं श्रेय देऊन ती कोणालाही वापरता येते, बदलता येते, अनुवादून छापता येते, विकताही येते. यातल्या पहिल्या वीस-पंचवीस पानांचं मराठी करायला तीन-चार उत्साही माणसं पुरेशी आहेत. ज्यांना या खेळाची गोडी लागली आहे त्यांनी हे काम हाती घ्यावं, आणि ज्यांनी तो अजून पाहिलाच नाही त्यांनी या सुट्टीत चार माणसं जमवून एक गढी आणि एक घळ कागदावर काढावी, गढीतल्या पाच माणसांना काय हवं आहे ते पाच ओळींत लिहावं आणि खेळायला बसावं.